दांडा जड लागते का हलका?

तळेगावच्या सरकारी शेडमागची बोरिंग अजून जागेवर आहे, पण तिचा दांडा कोणीतरी काढून नेला. माय वं, इतका राग आला मला! शेजारी सोलरची टाकी आहे, नळाला पाणी आहे, सगळं चांगलं झालं, मी कुठे नाही म्हणते? पण दांडा कशाला न्यायचा? आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात, आणि दांडा नसलेली बोरिंग मला बघवत नाही.

अश्विनीला मी तिथे नेलं होतं ते त्या दांड्यासाठीच. अश्विनी माझ्या भावाची मुलगी, गुजरातेत तेलाच्या विहिरींवर इंजिनीअर आहे. सुटीवर आर्वीला माझ्याकडे आली ती लॅपटॉप आणि तोंडावर आलेली परीक्षा घेऊनच. कंपनीने तिला ट्रेनिंगला बसवलंय. जमिनीखालून तेल ओढणारा सळयांचा पंप कसा बसवायचा, आणि तो बिघडला तर वरच्या वर, खालचं काही न बघता, काय बिघडलं ते कसं ओळखायचं, असं ते ट्रेनिंग. तिने मला चित्र दाखवलं. वर एक लोखंडी धूड मान खालीवर करतंय, त्याला एकाखाली एक जोडलेल्या सळया, आणि पार तळाशी पंप. मी म्हटलं, "अवं, हे तं माही बोरिंगच हाय! दांडा हालवाले मानूस नाई, येवढाच फरक."

"तेच ना, आत्या," ती म्हणाली. "सळईवर किती वजन येतं ते मशीन मोजतं आणि त्याची आकृती काढतं. आकृती बघून रोग सांगायचा. मला मेल्या सगळ्या आकृत्या सारख्याच दिसतात. आणि सोमवारी पेपर आहे."

पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, "पाठ कायले करते? चाल माह्यासंग. एकदा हाताले समजलं का मंग नाई विसरत." म्हणून सकाळच्या एसटीने आम्ही तळेगावला उतरलो, तर दांडाच नाही. त्या पाइपवर तळहात ठेवून मी नुसतीच उभी राहिले. लोखंड उन्हाने तापलं होतं, आणि तापलेल्या लोखंडाचा तो वास नाकात गेला मात्र, मी पुन्हा चोवीस वर्षांची झाले.

माघाचा महिना होता. शेडमागे तेव्हा संत्र्याचा बगीचा होता आणि आंबिया बहार फुटला होता. पांढऱ्या फुलांचा तो गोड, डोकं जड करणारा वास आणि वंगणाचा वास एकमेकांत मिसळून यायचे. शेडमध्ये जर्मनच्या पातेल्यात जवसाचं तेल असायचं आणि त्यात चामड्याची वॉशरं भिजत पडलेली असायची. ती बोटांनी चोळून मऊ करायची, हे आमचं रोज सकाळचं पहिलं काम. आठ बाया गोल बसून वॉशरं चोळत गप्पा मारायच्या. आजूबाजूच्या गावांतल्या बायांना बोरिंग दुरुस्तीचं शिक्षण द्यायचं सरकारने ठरवलं होतं, आणि आमच्या गावातून माझं नाव गेलं होतं. घरी परतले की सासूबाई नाक मुरडायच्या, "काय वं, बंडीच्या आखाखाली झोपली होती का?" मी खुशाल हसायचे. बैलगाडीच्या आखासारख्या त्या वंगणाच्या वासाचा मला गर्व होता, खरंच सांगते.

शिकवायला होते बाबारावजी मिस्त्री. समुद्रपूरकडचे, पन्नाशी उलटलेले, काडीसारखे माणूस. खांद्यावर दुपट्टा, खिशात कायम एक पाना. सगळा जन्म बोरिंगा उघडण्यात गेलेला. त्यांची एक रीत होती. कोणत्याही गावात गेले की बोरिंगीकडे बघायचे नाहीत. आधी पाणी भरणाऱ्या बायांना जवळ बोलवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "दांडा जड लागते का हलका?" मग ज्या बाईचं उत्तर चालू असेल तिच्या तोंडाकडे अगदी एकटक बघत राहायचे. बाई काय बोलते याला एवढं महत्त्व देणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरात तर मी बोलत असताना माणसं उठून अंगणात जायची.

आणि दुसरी रीत म्हणजे, बोरिंग दुरुस्त झाली की पहिलं गढूळ पाणी झाडाला, आणि पहिली स्वच्छ घागर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला. ती म्हातारी घरातून येईपर्यंत सगळे थांबायचे. कोणी घाई केली तर बाबारावजी दांड्यावर हात ठेवून उभे राहायचे, हलवूच द्यायचे नाहीत.

शिकवताना मात्र ते सांगायचे कानाचं. "पाइपाले कान लावजो. खाली सळई बोलते. किर्र आवाज आला तं सळई घासून राह्यली. दांडा धरून ठेवला अन् सुर्र आवाज आला तं पानी धरनारं खालचं झाकन गळून राह्यलं." सरकारी पुस्तकात तसंच छापलेलं होतं. बाया एकेक करून पाइपाला कान लावायच्या आणि "हाव जी, आला, आला!" म्हणून खुश व्हायच्या.

इथेच माझं मरण होतं. माझा डावा कान नुसता कुडी घालण्यापुरता आहे, आणि उजवाही त्याचाच भाऊ. लहानपणापासून. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. माहेरी सगळे म्हणायचे पोरगी तंद्रीत असते, सासरी म्हणायचे सून उर्मट आहे. उर्मट चालेल, पण बहिरी नको, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बहिरी म्हटलं की माणसं आधी हसतात आणि मग आपल्याशी बोलायचंच सोडून देतात. पाइपाला कान लावला की मला फक्त गार लोखंड लागायचं, बाकी काही नाही. आणि शेवटी परीक्षा होती. वर्ध्याहून साहेब येणार, एकेका बाईला एकेक बोरिंग देणार, जिचं निदान बरोबर तिला पान्यांची पेटी आणि आपल्या गावच्या बोरिंगांचं काम. ती लाल पेटी मला हवी होती. एवढी हवी होती की स्वप्नात यायची. त्या घरात माझं म्हणावं असं एक लग्नातलं कपाट होतं, आणि त्याचीही किल्ली सासूबाईंकडे.

मग मी एक युक्ती काढली. माझ्याआधी शेवंताबाई कान लावायची. शेवंताबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात मोठी, शेतकरीण, गळ्यात काळी पोत, बोलणं फटकळ. तिचा चेहरा आरशासारखा स्वच्छ होता, ऐकलं ते तोंडावर दिसायचं. सळई घासत असेल तर भुवई वर. झाकण गळत असेल तर ओठ बाहेर. काहीतरी तुटलं असेल तर अख्खं तोंड वाकडं. मी तिचं तोंड वाचायचे आणि तेच उत्तर द्यायचे. पहिल्या आठवड्यात माझं एकही उत्तर चुकलं नाही. बाबारावजी मान डोलवायचे आणि मी मनातल्या मनात शेवंताबाईच्या पाया पडायचे.

एक दिवस पारध्यांच्या वस्तीजवळच्या बोरिंगीवर गेलो. दोन ठोके पाणी यायचं, चार ठोके हवा. शेवंताबाईने कान लावला आणि तिचं तोंड असं काही वाकडं झालं की मी बिनधास्त सांगून टाकलं, "सळई तुटली, मिस्त्रीजी!" त्या दिवशी निर्णय माझ्यावर सोपवलेला होता. झालं! उन्हात दहाच्या दहा पाइप वर ओढले. एकेक पाइप म्हणजे एकेक नवरदेव, चौघींनी धरल्याशिवाय हलत नाही. बाया घागरी घेऊन बसलेल्या, पोरं रडतायत. शेवटची सळई बाहेर आली आणि सगळ्या सळया धडधाकट! कुठे चीर नाही, काही नाही. पुन्हा सगळं खाली सोडलं, दांडा हलवला, तर भडाभडा पाणी. बोरिंगीला काहीच झालं नव्हतं. सकाळपासून उपसून उपसून खालचं पाणी तेवढं संपलं होतं. तासभर गप्प बसलो असतो तर आपोआप भरलं असतं. वस्तीतल्या एका बाईने आम्हाला जे काय सुनावलं, ते माझ्या कानांनाही स्वच्छ ऐकू आलं.

परतताना मी शेवंताबाईला धरलं. "अवं, तू तोंड काऊन वाकडं केलं होतं?"

"दाढ ठनकून राह्यली ना माही, कालपासून," ती म्हणाली. आणि मग थांबली. तिने मला नीट न्याहाळलं. "थांब थांब. मंजे तू पाइपाले कान लावतच नाई? तू माह्या तोंडाले कान लावते?"

मी तिथेच बांधावर बसून रडले. शेवंताबाई आधी पोट धरून हसली, आणि मग माझ्याशेजारी बसली आणि पदराने माझं नाक पुसलं. "नाई सांगत कोनाले," म्हणाली, "पन परीक्षेले माहं तोंड नसन तुह्यासमोर. तवा काय करशीन?"

दुसऱ्या दिवशी मी लवकर शेडवर गेले. ठरवलं होतं, बाबारावजींना सांगायचं की मला जमत नाही, माझं नाव काढा. ते पाठमोरे बसून पाना पुसत होते. मी दारातून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. रागावले असतील कालच्या गोष्टीवरून, असं वाटून मी आत शिरले आणि माझा पाय बादलीला लागला. बादली दगडी फरशीवर आपटली. मला ऐकू आली म्हणजे विचार करा केवढा आवाज झाला असेल! बाहेरच्या चिमण्या उडाल्या. बाबारावजींची मान तसूभरही हलली नाही.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे, मग आडव्या पडलेल्या बादलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तोंडं वाचणाऱ्या या माणसाने मला शेवंताबाईचं तोंड वाचताना केव्हाच पकडलं असणार. मग ते उठले आणि म्हणाले, "ये."

याच बोरिंगीवर. त्यांनी दांड्याचं टोक मला धरायला लावलं, मागे स्वतःचा हात ठेवला आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून मोठ्याने म्हणाले, "डोये मिट. दाब खाली. जड लागलं? ते वर येनाऱ्या पान्याचं वजन. आता सोड, वर जाऊ दे. ओढते ना तुले? ते सळयाचं वजन. सळई तुटली असन तं ही ओढच येत नाई, दांडा मेल्यावानी पडते. अन् खाली पानी कमी असन तं ओढ येते, अन् अर्ध्यातच सुटते. झटका बसते हाताले. काल तसाच बसला होता. मले समजलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई जी?" मी वळून ओरडलेच.

"तुह्यावर सोपवलं होतं ना," ते म्हणाले. "दहा पाइप उपसल्यावर मानूस झटका विसरत नाई." आणि हसले. मी त्यांच्या कानाचं विचारलं नाही, त्यांनी माझ्या कानाचं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी, बाया यायच्या आधी, आम्ही दोघं तो दांडा धरून उभे राहायचो. कधी ते वॉशर काढून ठेवायचे, कधी झाकण सैल करायचे, आणि मी डोळे मिटून सांगायचे. हळूहळू खालचं सगळं मला तळहातात कळायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी लोकांच्या आधी समजत होतं. त्या सकाळींसारख्या सकाळी पुन्हा आल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी साहेब जीपने आले. टापटीप माणूस, हातात पुस्तक. माझ्या वाट्याला बगीच्याच्या टोकाची एक बोरिंग आली. भोवती गावच्या बाया, आमच्या बाया, एका बाजूला बाबारावजी. मी दिखाव्यापुरता पाइपाला कान लावला आणि हात दांड्यावर ठेवला. खाली दाबला, जड. सोडला, ओढ आली आणि अर्ध्यात तुटली. झटका! अंगावर काटा आला माझ्या. मी म्हटलं, "साहेब, काही बिघडलं नाई. पानी खाली गेलं. पाइप काढू नका, तासभर राहू द्या."

साहेबांनी स्वतः दोनदा दांडा हलवला. "सळई तुटल्यासारखी लागतेय," म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा दांड्याकडे वळले. मग ते माझ्या मागून काहीतरी बोलले. मला नंतर शेवंताबाईने सांगितलं की ते तीनदा विचारत होते, बाई, तुम्हाला नेमकं ऐकू काय आलं? मी आपली शांतपणे दांडा धरून उभी. बाया खुसखुसायला लागल्या. शेवंताबाई कोपराने ढोसायला लागली. मी वळले तेव्हा साहेबांचं तोंड लाल झालं होतं आणि ते जोरात म्हणाले, "बहिऱ्या आहात का बाई?"

जन्मभर ज्याला भ्यायले तो शब्द चारचौघांत पडला होता. कोणीतरी हसलं. पण माझ्या हातात दांडा होता आणि मला खालचं सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "हाव साहेब. मले ऐकू येत नाई. मी हातानं सांगते."

साहेब पुस्तक उघडून म्हणाले, "पण यात तर कानाने…" आणि त्यांनी पेन काढलं. माझ्या नावासमोर ते काट मारणार हे मला दिसलं. ते बाबारावजींनाही दिसलं. ते पुढे आले, खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला आणि म्हणाले, "मलेही येत नाई, साहेब. अठरा वर्स झाले. हातानंच करतो मी. कानाचं पुस्तकात हाय म्हनून शिकवतो."

बाया हसायच्या थांबल्या. साहेबांचं पेन तसंच राहिलं. "तासभर थांबा," बाबारावजी म्हणाले, "पानी नाई आलं तं दोघाचंही नाव काटा."

आम्ही थांबलो. बगीच्यावाल्याने मृगाची संत्री आणून दिली, साहेबांनी चार खाल्ली, मी दांड्याजवळून हलले नाही. तासाने मी दांडा दाबला. पाणी आलं. गढूळ झाडाला घातलं आणि घागर भरायच्या आधी बाबारावजींनी गावच्या म्हाताऱ्या बाईला बोलावणं धाडलं. ती काठी टेकत येईपर्यंत साहेबही उभे राहिले. लाल पेटी मला मिळाली. घरी नेली तेव्हा सासूबाईंनी तिची किल्ली मागितली आणि मी दिली नाही.

"आणि ते मिस्त्री?" अश्विनीने विचारलं. आम्ही तोवर शेडच्या सावलीत बसलो होतो. पोरीने कागदावर दोन आकृत्या काढल्या होत्या, एक ओढ नसलेली, एक अर्ध्यात तुटलेली, आणि तुटल्या जागी बोट ठेवून ती म्हणाली की आता ही सोमवारी चुकणार नाही. पण तिचं लक्ष मिस्त्रींकडेच होतं.

पुढच्या वर्षी शिकवायला दुसरा माणूस आला. कोणी काही बोललं नाही, पण मला समजलं. माझ्यापायी गेलं त्यांचं काम. कितीतरी दिवस मी त्यांच्याकडे जायचं टाळत होते. शेवटी धीर केला, आर्वीहून एसटी धरली, वर्ध्याला बदलली आणि समुद्रपूरच्या पलीकडे त्यांचं गाव शोधत गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकत होते, जी, माह्यापायी तुमचं काम गेलं, मले माफ करा.

ते अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहून एवढे खुलले की माझं घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी कशीबशी माफीचं बोलले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे त्यांना सगळं समजलं. मग ते काहीतरी म्हणाले. मी नेमकी डावी बाजू करून बसले होते, मला नुसते ओठ हललेले दिसले. अशा वेळी मी जन्मभर काय करत आले? मान डोलवायची आणि हसायचं. त्या दिवशी तसंच करणार होते. पण म्हटलं, याच माणसासमोर कशाला? मी म्हटलं, "काय म्हनलं जी? मले ऐकू नाई आलं. पुन्हा सांगा."

बाबारावजी मान मागे टाकून हसले, आणि पुन्हा सांगितलं, इतक्या जोरात की शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला. "म्हनलं, तुह्यापायी नाई गेलं काही! अठरा वर्सात मी कोनाले 'पुन्हा सांग' नोतं म्हनलं, बाई. बायकोलेही नाई. आता दिवसभर म्हनतो!"

आणि आतून त्यांची बायको ओरडली, "अन् मी दिवसभर सांगून राह्यली!"